मिनामाताचे प्रायश्चित्त

आमच्या देवस्थानांतील तळीचा उपसा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस एक गोष्ट ठाऊक असते. पाणी काढून टाकणे हे त्यातले सोपे काम. खरे काम पुढे असते, ते तळाशी साचलेल्या गाळाचे. तो काळा, दुर्गंधीयुक्त गाळ टोपल्यांनी वर काढावयाचा आणि कोठेतरी नेऊन टाकावयाचा. हे ‘कोठेतरी’ नेमके कोठे, ह्याचा विचार प्रथम कोणी करीत नाही. गाळ नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो, हे ध्यानी येते ते शेजारच्याच्या बागेत टोपल्या रित्या होऊ लागल्या म्हणजे.

एका समग्र समुद्र-आखाताचा असा उपसा जपानात घडला. त्यास चौदा वर्षे लागली. तो का करावा लागला, कसा झाला आणि तो पुरा होऊनही काय उरले, हे आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. समुद्राच्या काठी राहणाऱ्या आणि समुद्रास देव मानून नारळी पौर्णिमेस त्याची पूजा करणाऱ्या आमच्यासारख्या लोकांस हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, मिनामाता नावाचे गाव आहे. समोर शिरानुई समुद्र. बेटांनी चोहोकडून वेढल्यामुळे हा समुद्र एखाद्या सरोवरासारखा शांत असतो. त्याच्या काठाने कोळ्यांच्या वस्त्या पसरलेल्या होत्या. बोय, बांगडा, माकूल, कालवे, शिंपल्या ह्यांवर त्यांचे जीवन चाले. भात थोडा, मासे भरपूर, असा त्यांचा आहार. आमच्या किनाऱ्यावरील गरीब घरांहून तो फारसा निराळा नव्हता.

ह्या गावात १९०८ साली कार्बाइडचा कारखाना निघाला. नोगुची शितागाऊ नावाच्या उद्योगपतीने जवळच्या प्रदेशात जलविद्युत निर्माण केली होती, तिचा उपयोग करून घेण्यासाठी ही योजना होती. कार्बाइड म्हणजे काय, हे आमच्या जुन्या वाचकांस सांगावयास नको. जत्रेच्या रात्री खाजे-लाडवांच्या दुकानांतून जे दिवे उग्र दर्प सोडीत जळत, त्यांत कार्बाइडवर पाणी पडून उत्पन्न होणारा ॲसिटिलीन वायूच जळत असे. कारखान्याने ह्या कार्बाइडपासून प्रथम खत बनविले. पुढे १९३२ साली त्याच वायूपासून ॲसिटाल्डिहाइड हे द्रव्य काढण्यास आरंभ केला. सिरका-आम्लापासून प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या द्रवापर्यंत अनेक वस्तूंचे ते मूळ होय. ह्या क्रियेत वायू गंधकाम्लात सोडतात आणि त्या आम्लात उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचे लवण असते. पारा स्वतः खर्ची पडू नये अशी अपेक्षा असते. परंतु त्यातील अल्पसा भाग वायूतील कर्बाशी संयोग पावून एक नवे संयुग बनतो. त्याचे नाव मेथिल-पारा. तो सांडपाण्याबरोबर समुद्रात जाऊ लागला.

साधा पारा विषारी खराच. परंतु धातू जेव्हा सेंद्रिय द्रव्याशी जोडला जातो, तेव्हा त्यास शरीराच्या बंद दारांच्या किल्ल्या मिळतात. मेथिल-पारा आतड्यांतून जवळजवळ संपूर्ण रक्तात उतरतो. रक्तातून मेंदूत जाण्यास निसर्गाने जो कडेकोट बंदोबस्त केला आहे, तोही त्यास अडवू शकत नाही. समुद्रातील सूक्ष्म जीवांत तो अत्यल्प असतो, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत अधिक, मोठ्या माशांत त्याहून अधिक. अशा रीतीने पायरीपायरीने घट्ट होत तो माणसाच्या ताटात येतो. समुद्र विष पातळ करील हा कारखानदारांचा भरवसा होता. समुद्रातील जीवसृष्टीने ते गोळा केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पादन झपाट्याने वाढले. मिनामाता हे त्या कारखान्याचेच गाव बनले. १९६० च्या सुमारास नगरपालिकेच्या करउत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग कारखान्याकडून येत असे. नोकरी लागली तर कारखान्यात, मुलगी द्यावयाची तर कारखान्यातल्या मुलास, अशी तेथील रीत होती. कोळी त्या मानाने खालच्या पायरीवरचे. मासळी कमी होत आहे अशी त्यांनी तक्रार केली म्हणजे कारखाना थोडी रक्कम देई. १९२६ मध्ये आणि पुन्हा १९४३ मध्ये असे करार झाले. थोडे पैसे घ्यावेत आणि पुढे बोलू नये, हा त्यांचा सारांश होता. ही सवय वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१९५० नंतर त्या आखातात विलक्षण प्रकार दिसू लागले. मासे पाण्यावर उलटे तरंगू लागले. कावळे उडता उडता खाली पडू लागले. मांजरे तोंडातून लाळ गाळीत, गिरक्या घेत, भिंतीवर आपटत आणि कधी थेट समुद्रात पडत. लोक त्यास ‘मांजरांचा नाच’ म्हणत. १९५४ च्या ऑगस्टमध्ये एका वृत्तपत्राने छोटीशी बातमी दिली, की अमुक वस्तीतील मांजरे जवळजवळ नाहीशी झाल्याने उंदीर माजले आहेत आणि लोक त्यांच्या बंदोबस्ताची मागणी करीत आहेत. मांजरे का मेली, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

१९५६ च्या एप्रिलच्या २१ तारखेस सहाव्या वर्षात असलेली एक मुलगी कारखान्याच्याच इस्पितळात आणली गेली. तिला चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते, अन्न गिळता येत नव्हते. दोन दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीसही तीच लक्षणे झाली आणि आईने सांगितले, शेजारच्या घरीही असेच आहे. इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे ह्यांनी १ मे रोजी आरोग्यकेंद्रास कळविले, की मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग पसरत आहे. ह्या रोगाच्या इतिहासात तो दिवस अधिकृत आरंभ मानला जातो. ऑक्टोबरपर्यंत ४० रोगी सापडले होते आणि त्यांपैकी १४ मरण पावले होते.

प्रथम हा सांसर्गिक रोग समजला गेला. घरे औषधांनी धुतली गेली, रोगी वेगळे ठेवले गेले. दुकानदार त्या घरांतील माणसांच्या हातून पैसे घेईनात. विष पोटात गेलेल्यांच्या वाट्यास वर बहिष्कारही आला. आमच्याकडे महारोग्यांच्या वाट्यास एकेकाळी काय आले हे ज्यांस आठवते, त्यांस ह्याचा अर्थ अधिक सांगावयास नको.

कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने तपास हाती घेतला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एवढे निश्चित झाले, की हा संसर्ग नसून आखातातील मासे व शिंपले ह्यांतून आलेल्या कोणत्यातरी जड धातूची बाधा आहे. मग मासे विकण्यास बंदी का झाली नाही? प्रांताने १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयास तसे विचारले होते. उत्तर आले, की आखातातील झाडून सारे मासे विषारी आहेत असा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येत नाही. प्रत्येक मासा दोषी ठरेपर्यंत समुद्र निर्दोष, असा हा न्याय होता. त्या न्यायाची किंमत त्या मुलीच्या वस्तीने दिली.

धातू कोणता, हे ठरविण्यास आणखी दोन वर्षे गेली. कारखाना आपण कोणती द्रव्ये वापरतो हे सांगेना. संशोधकांनी मँगेनीज, सेलेनियम, थॅलियम असे एकामागून एक तपासले. १९५८ मध्ये मॅकअल्पाइन ह्या ब्रिटिश मज्जातज्ज्ञाने रोगी पाहिले आणि पूर्वीच्या एका प्रकरणाकडे बोट दाखविले. इंग्लंडात बियाण्यास लावावयाचे मेथिल-पाऱ्याचे औषध बनविणाऱ्या कारखान्यात काही कामगारांस अशीच बाधा झाली होती आणि हंटर, बॉमफर्ड व रसेल ह्यांनी १९४० सालीच तिचे वर्णन प्रसिद्ध केले होते. दृष्टीचे क्षेत्र आक्रसत जाणे, जणू नळीतून पाहावे तसे दिसणे, तोल जाणे, बोबडे बोलणे, बोटांच्या टोकांची संवेदना जाणे ही सर्व लक्षणे जुळली. १९५९ च्या जुलैत विद्यापीठाने जाहीर केले, की विष सेंद्रिय पाऱ्याचे आहे. कारखान्याच्या हिआक्केन बंदरातील मोरीच्या तोंडाशी गाळ तपासला, तेव्हा एका टनात दोन किलोपर्यंत पारा निघाला.

आता आम्ही ह्या इतिहासाच्या मर्मस्थानी आलो. १९५९ ह्या एका वर्षात सत्य सर्वांच्या हाती आले होते आणि त्याच वर्षात ते पुरले गेले.

डॉक्टर होसोकावा हे कारखान्याचे नोकर होते, परंतु वैद्यही होते. त्यांनी कारखान्यातच मांजरांवर गुप्तपणे प्रयोग चालविले होते. त्या वर्षीच्या जुलैपासून त्यांनी एका मांजराच्या अन्नावर ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी रोज थोडे घालण्यास आरंभ केला. प्रयोगवहीत त्याचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबरच्या ६ तारखेस ते मांजर लाळ गाळू लागले आणि गिरक्या घेऊन भिंतीवर आपटले. डॉक्टरांनी व्यवस्थापकांस ते सांगितले. उत्तर मिळाले, की हा प्रयोग थांबवावा. वही बंद झाली आणि प्रयोगाचा निष्कर्ष विद्यापीठापासून दडवला गेला.

ह्याच्या एक वर्ष आधी आणखी एक गोष्ट घडली होती. आखातावर संशय आला म्हणून कारखान्याने १९५८ च्या सप्टेंबरात सांडपाण्याचे तोंड तेथून हलवून मिनामाता नदीच्या मुखाशी नेले. तेथून ते खुल्या शिरानुई समुद्रात पसरले आणि काही महिन्यांत दूरच्या गावांतही रोगी दिसू लागले. ज्यांस पुरावा हवा होता, त्यांस तो मिळाला. मंत्रालयाच्या आज्ञेने १९५९ च्या अखेरीस ते तोंड पुन्हा आखाताकडे वळविण्यात आले, परंतु पाणी बंद झाले नाही.

नोव्हेंबरच्या २ तारखेस संतप्त कोळी कारखान्यात घुसले व त्यांनी नासधूस केली. पाचच दिवसांनी गावातील महापौर, व्यापारी आणि कामगार ह्यांच्या प्रतिनिधींनी प्रांताच्या गव्हर्नरास विनंती केली, की काहीही करा, परंतु सांडपाणी थांबवू नका. ते थांबले तर कारखाना थांबेल आणि गाव मरेल. त्यांस आम्ही सहजी दुष्ट म्हणू इच्छित नाही. ज्याच्या चुलीवरचे भांडे कारखान्याच्या पगाराने शिजते, त्यास शेजाऱ्याच्या घरातील आजार दिसत असूनही दिसत नाही. ही मनुष्याची दुर्बलता आहे आणि ती सर्व देशांत सारखीच आहे. त्याच महिन्यात सरकारी अन्नस्वच्छता परिषदेच्या समितीने कारण सेंद्रिय पारा असल्याचा अहवाल दिला. दुसऱ्याच दिवशी तपास करणारी तिची शाखा बरखास्त करण्यात आली.

डिसेंबरात कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याचे नवे यंत्र समारंभपूर्वक सुरू झाले. अध्यक्षांनी पाहुण्यांसमक्ष पेल्यातील पाणी पिऊन दाखविले. वृत्तपत्रांत ते छापून आले आणि लोक पुन्हा निर्धास्तपणे मासे खाऊ लागले. ते यंत्र सेंद्रिय पारा काढून टाकण्यासाठी बनविलेलेच नव्हते, हे पुढे न्यायालयात उघड झाले. समुद्रमंथनातून निघालेले हालाहल महादेवाने जगाच्या रक्षणासाठी खरोखर प्राशन केले, अशी आमची श्रद्धा आहे. येथे विष नसलेल्या पाण्याचा पेला जगास दाखविला गेला आणि हालाहल कोळ्यांच्या पोरांनी घेतले.

वर्ष सरता सरता, ३० डिसेंबर रोजी, रोग्यांशी करार झाला. मृतासाठी ३ लाख येन, प्रौढ रोग्यास वर्षास १ लाख, बालकास वर्षास ३० हजार. ह्या रकमेस भरपाई म्हटले नव्हते. तिचे नाव होते ‘सांत्वनाची देणगी’. पाचव्या कलमात लिहिले होते, की पुढे कारखानाच दोषी असल्याचे सिद्ध झाले तरी रोगी अधिक काही मागणार नाहीत. करार मांडणाऱ्यांच्या वहीत त्या वेळी ४०० क्रमांकाचे मांजर नोंदलेले होते. समोर बसलेल्या माणसांस ते ठाऊक नव्हते.

त्यानंतर कारखाना आणखी आठ वर्षांहून अधिक काळ तेच पाणी सोडीत राहिला.

ह्या आठ वर्षांत जे उघडकीस आले, ते सर्वांहून दारुण होते. १९६१ मध्ये हारादा मासाझुमी नावाचे एक तरुण डॉक्टर कोळ्यांच्या वस्तीत फिरत असता त्यांनी एका घराच्या ओसरीवर दोन भाऊ खेळताना पाहिले. दोघांचीही लक्षणे एकच. आई म्हणाली, थोरल्यास मिनामाताचा रोग आहे. धाकट्यास तो नाही असे डॉक्टर म्हणतात, कारण त्याने मासे कधी खाल्लेच नाहीत. परंतु मासे मी खाल्ले होते, तो तेव्हा माझ्या पोटात होता. वैद्यकाचे तत्कालीन मत असे होते, की वार ही भिंत आहे आणि विष तिच्यातून जात नाही. आईला भिंतीचे शास्त्र ठाऊक नव्हते, तिला आपले मूल ठाऊक होते. एका मृत बालिकेच्या शवचिकित्सेनंतर, १९६२ च्या नोव्हेंबरात, १६ मुलांचा रोग जन्मजात असल्याचे मान्य झाले. आईचे बोलणे खरे ठरले.

जपानात बाळाची सुकलेली नाळ लहानशा लाकडी पेटीत जपून ठेवण्याची चाल आहे. आपल्याकडे नाळ पुरतात, आणि ज्या भूमीत ती पुरली त्या भूमीशी माणसाचे नाते कायमचे जडते असे आपण मानतो. मिनामाताच्या घरोघरी देव्हाऱ्यात वा कपाटात ठेवलेल्या ह्या पेट्या संशोधकांनी पुढे मागून घेतल्या. एकेका वर्षाच्या नाळेतील मेथिल-पारा मोजला गेला. कारखान्याचे उत्पादन जसे वाढले, तसा नाळेतील पाराही वाढलेला आढळला. कारखान्याने आपल्या वह्या दडविल्या होत्या, पण आयांनी प्रेमाने जपलेल्या वह्या शिल्लक होत्या.

१९६५ मध्ये दूर उत्तरेस, नीगाता प्रांतात, आगानो नदीच्या काठी तोच रोग तशाच दुसऱ्या एका कारखान्यामुळे उद्भवला. पहिल्या ठिकाणी सत्य दाबले नसते तर दुसरे संकट टळले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. १९६८ च्या मे महिन्यात मिनामातातील ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन बंद झाले, ते पश्चात्तापाने नव्हे, तर खनिज तेलापासून तेच द्रव्य स्वस्त पडू लागले म्हणून. त्यानंतर चार महिन्यांनी, २६ सप्टेंबर रोजी, सरकारने प्रथमच जाहीर केले, की रोगाचे कारण कारखान्याचे सांडपाणी होते. पाणी वाहावयाचे थांबल्यावर सत्य वाहू लागले.

१९६९ च्या जूनमध्ये काही कुटुंबांनी न्यायालयात दावा लावला. पुढच्या वर्षी मरणशय्येवर असलेल्या डॉक्टर होसोकावांनी इस्पितळातूनच साक्ष दिली आणि त्या मांजराची हकीकत सांगितली. त्यानंतर काही महिन्यांतच ते वारले. त्यांनी अकरा वर्षे मौन पाळले ह्याचा दोष त्यांस आहे. परंतु अखेरीस ज्यांनी तोंड उघडले, त्यांत कारखान्याच्या बाजूचे ते पहिले होते, हेही लिहून ठेवले पाहिजे.

१९७० च्या नोव्हेंबरात ओसाका शहरी कारखान्याच्या भागधारकांची सभा भरली. रोग्यांनी व त्यांच्या आप्तांनी एकेक भाग विकत घेऊन तेथे प्रवेश मिळविला. ते आले ते बौद्ध यात्रेकरूंच्या शुभ्र वेषात, हाती घंटा, मृतांच्या नावांच्या पाट्या छातीशी धरून. सभागृहात त्यांनी यात्रेत म्हणावयाची भजने म्हटली. वारकरी पाहिलेल्या आम्हांस त्या दृश्याची कल्पना करणे अवघड नाही. त्यांच्याबरोबर इशिमुरे मिचिको ह्या लेखिका होत्या. त्यांनी ह्या दुःखावर १९६९ साली लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात ‘दुःखाचा समुद्र’ आणि ‘पवित्र भूमी’ अशा दोन बौद्ध कल्पना जोडलेल्या आहेत. भवसागर आणि पैलतीर ह्या शब्दांवर वाढलेल्या वाचकांस त्यांचा अर्थ सहज उमगेल.

१९७३ च्या मार्चच्या २० तारखेस कुमामोतोच्या न्यायालयाने कारखान्यास दोषी ठरविले. पाणी सोडण्यापूर्वी ते निर्धोक आहे ह्याची खात्री करणे हे त्याचे कर्तव्य होते, असे न्यायालय म्हणाले. १९५९ चा सांत्वनाचा करार दुसऱ्याच्या अज्ञानाचा व दारिद्र्याचा फायदा घेणारा, म्हणून नीतीविरुद्ध आणि शून्यवत् ठरला.

आता उपशाची गोष्ट. आखाताच्या तळाशी पारा मिसळलेला गाळ काही ठिकाणी चार मीटरपर्यंत साचलेला होता. एकंदर किती पारा समुद्रात गेला, ह्याचे अंदाज ७० पासून १५० टन व त्याहूनही अधिक असे आहेत. १९७४ मध्ये आखाताच्या तोंडावर भलेमोठे जाळे लावले गेले, आतील मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून. १९७७ मध्ये काम सुरू झाले. दशलक्ष भागांत २५ भागांहून अधिक पारा असलेला सर्व गाळ काढावयाचा असे ठरले होते. तो सुमारे १५ लाख घनमीटर भरला. भीती अशी होती, की ढवळल्याने विष पुन्हा पाण्यात उठेल. ह्याच भीतीने काही रहिवासी न्यायालयात गेले आणि काम १९८० पर्यंत अडून राहिले. आखाताच्या आतल्या, सर्वाधिक दूषित भागाभोवती पोलादी भिंती ठोकल्या गेल्या. बाहेरचा गाळ हलक्या हाताने शोषून त्या भिंतींच्या आत ओतला गेला. पकडलेले विषारी मासे पिंपांत बंद करून तेथेच पुरले गेले. वर कृत्रिम धाग्यांचे कापड, त्यावर ज्वालामुखीची हलकी माती, त्यावर डोंगराची माती. १९९० मध्ये काम संपले. खर्च सुमारे ४८५० कोटी येन झाला आणि ५८ हेक्टर नवी भूमी तयार झाली. तेथे आज उद्यान आहे. मासे निर्धोक असल्याचे १९९७ च्या जुलैत गव्हर्नरांनी जाहीर केले आणि जाळे काढण्यात आले.

हे काम खरोखर मोठे झाले, हे मान्य करण्यात आम्हांस संकोच नाही. परंतु आरंभी सांगितलेला टोपलीचा प्रश्न तेथेही आहे. पाऱ्याचा नाश करता येत नाही. सेंद्रिय भाग मोडून टाकता येतो, धातू धातूच राहतो. तो गाळ उद्यानाच्या हिरवळीखाली आहे. पोलाद गंजते, भूमी हलते. २०१६ साली कुमामोतोत मोठे भूकंप झाले. त्या भिंतींची राखण पुढील पिढ्यांनाही करावी लागणार आहे.

आणि माणसांचा गाळ? आमच्या धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताची जी साधने सांगितली, त्यांत ख्यापनास, म्हणजे आपले पाप आपल्या तोंडाने सांगण्यास, अग्रस्थान दिले आहे. अनुताप, तप, दान ही त्याच्यामागून येतात. मिनामातात दान प्रथम झाले आणि ख्यापन कायम मागे राहिले. १९७७ मध्ये सरकारने रोगी कोणास म्हणावे ह्याचे निकष कडक केले. मिनामाताच्या बाजूस अधिकृत मान्यता मिळालेले सुमारे २३०० च आहेत. १९९५ च्या तडजोडीत दहा हजारांहून अधिकांस रक्कम मिळाली, पण ‘रोगी’ हे नाव मिळाले नाही. सरकार व प्रांत हेही जबाबदार आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. २००९ च्या कायद्याखाली सुमारे ६५ हजार लोकांनी अर्ज केले. २०२३ च्या सप्टेंबरात ओसाकाच्या न्यायालयाने वगळलेल्या आणखी १२८ जणांचे म्हणणे मान्य केले. रोग ओळखल्यास तेव्हा सदुसष्ट वर्षे झाली होती.

२०२४ च्या १ मे रोजी, स्मृतिदिनी, रोगी आणि पर्यावरणमंत्री ह्यांची भेट झाली. प्रत्येकास बोलण्यास तीन मिनिटे होती. वेळ संपताच अधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. एक वृद्ध आपल्या मृत पत्नीविषयी बोलत होते, त्यांचे वाक्य अर्धेच राहिले. काही दिवसांनी मंत्र्यांनी मिनामातास जाऊन क्षमा मागितली. क्षमा मागितली हे चांगलेच झाले. परंतु समुद्र स्वच्छ झाल्यावर चौतीस वर्षांनी ऐकून घेण्याचे काम अजून तीन मिनिटांत मावत होते.

गावातच मात्र काही निराळे घडले आहे. १९९४ च्या स्मृतिदिनी महापौर योशिई मासाझुमी ह्यांनी गावाच्या वतीने रोग्यांची क्षमा मागितली आणि ‘मोयाई-नाओशी’ हा शब्द वापरला. वादळात होड्या एकमेकींस दोराने बांधून ठेवतात, ती बांधणी सुटली असता पुन्हा बांधणे, असा कोळ्यांच्या बोलीतील त्याचा अर्थ आहे. त्याच सुमारास ओगाता मासातो ह्या कोळ्याने व त्याच्या सोबत्यांनी त्या भरावभूमीवर दगडी मूर्ती कोरून बसविण्यास आरंभ केला. त्या लहान आहेत, ओबडधोबड आहेत, कोणत्याही देवळाच्या नाहीत, आणि त्या समुद्राकडे तोंड करून बसल्या आहेत. त्या मृत माणसांसाठी आहेत, तशाच मेलेल्या माशांसाठी, पक्ष्यांसाठी, मांजरांसाठीही आहेत. ओगातांचा पिता ह्या रोगाने गेला होता आणि त्यांनी स्वतः रोगी म्हणून केलेला अर्ज १९८५ साली मागे घेतला. पुढे त्यांनी पुस्तकास नाव दिले, त्याचा आशय असा, की तो कारखाना म्हणजे मीच होतो. प्लॅस्टिकच्या सोयीवर जगणारा कोण निर्दोष, असा त्यांचा प्रश्न आहे. ज्याने सर्वाधिक सोसले त्यानेच ख्यापन करावे, हे पाहून आम्ही विस्मित होतो.

ह्या कुळातील विषे आमच्या दारी आलीच नाहीत, असे कोणी समजू नये. बेळगाव-कोल्हापूरकडे उसाचे बेणे लावण्यापूर्वी सेंद्रिय पाऱ्याच्या औषधात बुडवीत असत, ते जुन्या शेतकऱ्यांस आठवत असेल. जहाजांच्या बुडास शिंपल्या चिकटू नयेत म्हणून रंगात मिसळलेले सेंद्रिय कथिल लिटरभर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले, तरी मादी शंखाच्या देहावर नराची लक्षणे उमटवते. फ्रान्समधील आर्काशोंच्या आखातात कालवांची शेती त्यापायी बुडाली आणि १९८२ मध्ये तेथे लहान नौकांवर त्या रंगास बंदी आली. जगभराची बंदी २००८ मध्ये अमलात आली. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांस हेच कथिल आमच्या मांडवी-झुवारीच्या गाळातही आढळले आहे. ज्या झुवारीतून आमच्या घरी तिसऱ्या येतात, तीच ही झुवारी. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करारास मिनामाताचे नाव आहे. तो २०१३ मध्ये कुमामोतोत झाला आणि भारताने त्यास २०१८ मध्ये मान्यता दिली.

करार हवेत, यंत्रे हवीत, उपसाही हवा. तथापि मिनामाताच्या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो, की १९५९ साली एका मांजराची हकीकत खरेपणाने सांगितली गेली असती, तर पुढच्या पुष्कळ गाळाचा उपसा करावाच लागला नसता. समुद्रास नारळ अर्पण करताना आपण आपल्या रक्षणाची प्रार्थना करतो. पुढील पौर्णिमेस काठावर उभे असता, आपल्या गावच्या पाण्यात काय सोडले जाते हे आपणांस ठाऊक आहे काय, आणि ठाऊक असून आपण गप्प आहोत काय, एवढे आपण स्वतःस विचारावे. पूजेच्या संकल्पात एरव्ही आपण आपले नाव, गोत्र व स्थान सांगतोच. त्याबरोबर हेही सांगावे.